खिडकीची जाळी आणि दुपारची झोप

आजाऱ्याची किंवा वृद्धाची खाट पुष्कळ घरांत खिडकीलगत असते. उजेड मिळावा, वारा लागावा, रस्त्यावरची वर्दळ पाहण्यात वेळ जावा, हा त्यामागील विचार योग्यच आहे. परंतु त्याच खिडकीच्या जाळीचा कोपरा सुटलेला असेल, तर त्याचा पहिला उपद्रव खाटेवरच्या माणसालाच होतो. डेंग्यू पसरविणारा एडिस डास दिवसा चावतो. विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी. रात्री मच्छरदाणी न चुकता लावणाऱ्या घरांतही दुपारी पडणाऱ्या आजी-आजोबांना तिचे संरक्षण नसते. उतारवयात डेंग्यू गंभीर होण्याचा धोका अधिक असतो. त्यातून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर रक्तस्रावाची भीतीही वाढते. म्हणून जाळीच्या दुरुस्तीला घरकामांच्या यादीत शेवटचे स्थान देऊ नये.

प्रथम भोके शोधावीत. भर दिवसा खोलीतील दिवा मालवून जाळीकडे आतून पाहावे. फाटलेला भाग व चौकटीच्या कडेची फट उजेडामुळे चटकन ध्यानात येते. मोतीबिंदूमुळे अंधूक दिसत असल्यास हे काम नातवंडांवर सोपवावे. ती ते आनंदाने करतात.

भोक लहान असेल, तर सगळी जाळी बदलण्याची गरज नाही. नायलॉन किंवा फायबरच्या जाळीला, भोकापेक्षा चहूबाजूंनी इंचभर मोठे ठिगळ नायलॉनच्या दोऱ्याने शिवावे. चिकटपट्टी मात्र ऊन-पावसात फार काळ टिकत नाही. धातूच्या जाळीसाठी ठिगळाच्या कडेच्या काही तारा उसवून घ्याव्यात, त्या मोकळ्या टोकांना काटकोनात वळवून मूळ जाळीतून पलीकडे काढाव्यात आणि दुमडून टाकाव्यात. तारांची टोके बोचरी असतात. मधुमेह असलेल्यांनी किंवा हाताला बधिरता असलेल्यांनी हे काम स्वतः करू नये.

वेल्क्रोची जाळी सुटत असल्यास पट्टीतील धूळ जुन्या दातांच्या ब्रशने काढून पाहावी. बहुधा तेवढ्याने भागते. पट्टीच चौकटीपासून निघाली असेल, तर जागा पुसून पूर्ण कोरडी करून नवी पट्टी चिकटवावी.

ॲल्युमिनियमच्या चौकटीतील जाळी खाचेत दाबलेल्या रबरी दोरीने धरून ठेवलेली असते. जाळी बदलताना ही दोरीही नवी घ्यावी, कारण जुनी कडक होऊन आकसलेली असते. जाडी जुळावी म्हणून तिचा तुकडा दुकानात नमुना म्हणून न्यावा. सामान्य डासांसाठी इंचाला १८ बाय १६ छिद्रांची जाळी पुरेशी असते. त्याहून बारीक विणीने वारा अडतो आणि मग उकाड्याने त्रासलेली मंडळी जाळीच उघडून ठेवतात! नवी जाळी चौकट सपाट ठेवून बसवावी आणि बेताने ताणावी. फार ताणल्यास चौकट आत वाकते व कडेला पुन्हा फट राहते.

वृद्धांनी स्टुलावर चढून हे काम करू नये. डासाच्या भीतीपायी खुब्याचे हाड मोडून घेण्यात शहाणपण नाही. वरच्या मजल्यांवर कारागीर बोलवावा. जाळी माणसाचा भार पेलत नाही, म्हणून तिला टेकून वाकणे टाळावे. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण घरात असल्यास खिडकीला आतून लोखंडी गज असावेत.

जाळी उतरवलीच आहे, तर ती साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. दम्याच्या रुग्णाला साचलेल्या धुळीचा त्रास होतो. त्याच वेळी खिडकीतील कुंड्यांखालच्या बश्या ओतून, घासून ठेवाव्यात. एडिसची अंडी बशीच्या कडेला चिकटून राहतात, नुसते पाणी ओतून ती जात नाहीत.