केडगांवचें शेत आणि शारदासदन : पंडिता रमाबाईंचें स्मरण

दौंडाहून पुण्याकडे निघालेली गाडी पाटस व कडेठाण हीं स्थानकें मागें टाकून केडगांवास येते. येथील ‘मुक्ति’ संस्थेचें नांव दौंड व शिरूर तालुक्यांतील बहुतेक शेतकऱ्यांच्या कानांवरून गेलेलें आहे. या संस्थेच्या संस्थापिका व शारदासदन शाळेच्या चालक पंडिता रमाबाई यांचा देहांत केडगांवींच ५ एप्रिल १९२२ रोजीं झाला. त्यास आतां शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. त्यांची विद्वत्ता, त्यांचा परदेशप्रवास व त्यांचें धर्मांतर यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्यांनीं आपल्या शाळेस शेताचा आधार दिला, ही गोष्ट शेतकरीवर्गानें विशेष ध्यानांत घेण्याजोगी असूनही तिची चर्चा क्वचितच होते. तीच आज वाचकांपुढें मांडावयाची आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकांचा विरोध सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि मातेनें तीच विद्या मुलीस दिली. हें कुटुंब पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं हिंडत असे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंतील दुष्काळानें त्यास गांठलें. जवळचें होतें नव्हतें तें विकून झालें, आणि थोड्याच काळांत वडील, आई व थोरली बहीण अशीं तिघें निवर्तलीं. रमाबाईंस हजारों श्लोक मुखोद्गत होते. पण त्यांतून पायलीभर धान्य मिळत नव्हतें. पोट भरण्याजोगें अंगमेहनतीचें कोणतेंही काम आपणांस शिकविलेलें नव्हतें, अशा अर्थाची कबुली त्यांनीं पुढें स्वतःच लिहून ठेविली आहे. त्यांच्या पुढील सर्व कार्याचें बीज या अनुभवांत दिसतें.

भावाबरोबर पायीं हिंडत त्या १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचल्या. तेथील विद्वानांनीं त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढें भाऊ गेला. विवाह झाला, पण १८८२ सालीं पतीही गेले, आणि लहानग्या मनोरमेस घेऊन त्या पुण्यास आल्या. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या व तेथें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेथून १८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या. तेथील मित्रांनीं १८८७ सालीं बोस्टन शहरीं मंडळी स्थापून विधवांच्या शाळेसाठीं दहा वर्षें द्रव्यसाहाय्य करण्याचें वचन दिलें. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें व पुढील वर्षीं तें पुण्यास आलें. पहिल्या विद्यार्थिनींपैकीं गोदूबाई यांचा १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह झाला. त्याच आनंदीबाई कर्वे.

त्याच वर्षीं शाळेवर मोठें संकट आलें. मुलींस ख्रिस्ती धर्माकडे वळविलें जातें, या आक्षेपावरून पुण्यांत वादळ उठलें. रानडे व भांडारकर यांसारख्या सल्लागारांनीं अंग काढून घेतलें आणि पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली परत नेल्या. या वादाचे पडसाद अद्यापि ऐकूं येतात. त्याचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. रमाबाईंचा धर्म ज्यास मान्य नाहीं, त्यासही त्यांच्या शेताचा हिशेब पाहण्यास प्रत्यवाय नसावा.

परदेशच्या मदतीची मुदत १८९८ सालीं संपणार होती. आपण बैलजोडी घेतांना तिच्या वैरणीचा विचार आधीं करितों. शाळा काढतांना मात्र तो बहुधा कोणी करीत नाहीं. रमाबाईंनीं तो केला. केडगांव स्टेशनाजवळ त्यांनीं सुमारें शंभर एकर जमीन घेतली. तींत विहिरी खणाव्या, फळबाग लावावी आणि बागेच्या उत्पन्नावर शाळा चालवावी, असा त्यांचा बेत होता. आपला हा मुलूख पर्जन्यछायेंतला. तेथें पाण्याची सोय हाच पहिला प्रश्न होता, आणि त्यांनीं तो पहिला म्हणूनच हातीं घेतला.

बागेचें उत्पन्न स्थिरावण्यापूर्वींच १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या व तेथून निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्यांची संख्या तीनशेंच्या घरांत गेली. इकडे पुण्यांत प्लेगची सांथ सुरू होती. इतक्या लोकांस शहरांत ठेवणें शक्य नव्हतें. तेव्हां त्यांस केडगांवच्या शेतावर आणून तात्पुरत्या निवाऱ्यांत ठेविलें. १८९८ सालीं तेथें ‘मुक्तिसदन’ उभें राहिलें. नंतर १८९९-१९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतूनही मुली आल्या आणि वसतीची संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. एका मोठ्या गांवाएवढ्या या वसतीस रोज अन्न व पाणी पुरवावयाचें, ही केवढी व्यवस्था, तें शेतकऱ्यास निराळें सांगावयास नको.

तेथील शिक्षणक्रम पाहण्याजोगा होता. मुलींस लिहिणें-वाचणें तर शिकवीतच, पण त्याबरोबर शेत व भाजीपाला, दूधदुभतें, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, रुग्णशुश्रूषा अशीं कामेंही शिकवीत. छापखान्यांत खिळे जुळविण्याचें कामही मुली करीत. अंध स्त्रियांसाठीं निराळी सोय होती. ज्या बाईस लहानपणीं दुष्काळांत श्लोकांनीं अन्न दिलें नाहीं, तिनें आपल्या मुलींच्या एका हातीं पुस्तक व दुसऱ्या हातीं कसब दिलें.

हें ज्या मुलुखांत घडलें त्याचा पूर्वेतिहासही आठवावा. केडगांव तेव्हां भीमथडी तालुक्यांत मोडत असे. त्याच तालुक्यांत सुपें येथें १२ मे १८७५ रोजीं कुणब्यांनीं सावकारांच्या वह्या व खतें हिसकावून जाळलीं, आणि ती आग शिरूर तालुक्यांतही पसरली. पुढें १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. परंतु आपण अंगठा कशावर उठविला हें ज्यास वाचतां येत नाहीं, त्याचें संरक्षण कायदा तरी किती करणार? शाळा हें शेतकऱ्याचें कुंपण आहे, हा धडा आपल्या पूर्वजांनीं फार महाग किंमत देऊन घेतला.

आज काळ पालटला आहे. घोड धरण व चासकमानचा कालवा यांनीं शिरूरच्या, आणि मुठेचा कालवा व उजनीचा फुगवटा यांनीं दौंडच्या पुष्कळ शिवाराचें रूप बदललें. बाजरीच्या रानांत ऊस उभा आहे. मुली महाविद्यालयांत जात आहेत. पण जमिनीच्या कागदावर मुलगी कोठें आहे? हिंदु वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. त्या तारखेस वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं स्पष्ट केलें. तरीही भावानें चोळीबांगडी करावी व बहिणीनें हक्कसोडपत्रावर सही करावी, ही रीत घरोघर चालू आहे. पूर्वीं सावकारापुढें अंगठा उठविणारा कुणबी वाचूं शकत नव्हता. आजची लेक वाचूं शकते, आणि तरी न वाचतां सही करते.

मुलींस वाटा दिल्यास जमिनीचे तुकडे पडतील, असें म्हणणारे आहेत. तुकडे तर मुलांच्या वाटण्यांनींही पडतात. त्यावर उपाय एकत्र वहिवाट हा आहे, बहिणीचें नांव खोडणें हा नव्हे. ज्या लेकीच्या पाठीशीं विद्या, कसब व जमीन आहे, तिच्यावर वाईट दिवस आले तरी तिला कोणाच्या दारीं उभें राहावें लागत नाहीं.

थोर व्यक्तींचीं स्मारकें उभारण्याची आपल्याकडे हौस आहे. रमाबाईंसाठीं दगडाच्या स्मारकाची गरज नाहीं. आपल्या लेकीस शिकवावें, आणि तिच्यापुढें सहीसाठीं कागद ठेवण्यापूर्वीं तो तिला पूर्ण वाचावयास द्यावा व तिचें म्हणणें ऐकावें. केडगांवच्या त्या शंभर एकरांचें याहून योग्य स्मरण आम्हांस सुचत नाहीं.