सेन्सेक्स चढला, मग तुमचा शेअर का नाही? खान्देशातल्या दोन कंपन्यांवरून समजून घ्या

सोन्याच्या भावावर नजर ठेवणाऱ्या जळगावात आता मोबाइलवर सेन्सेक्सही रोज पाहिला जातो. कोरोनाच्या धास्तीने २३ मार्च २०२० रोजी तो २५,९८१ पर्यंत कोसळला होता. २६ सप्टेंबर २०२४ रोजी मात्र तो ८५,८३६ वर बंद झाला. म्हणजे साडेचार वर्षांत तिपटीहून जास्त. बाजाराच्या अशा टिकाऊ चढाला तेजी म्हणतात. नीचांकापासून २० टक्के वाढ, हा त्याचा ढोबळ निकष.

पण सेन्सेक्स हा फक्त ३० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक आहे. तो वर गेला म्हणून तुमच्या डीमॅट खात्यातला शेअरही वर जाईल, असं नाही. जळगावकरांनी हे जवळून पाहिलंय. जून २०१९ मध्ये सेन्सेक्स पहिल्यांदा ४० हजारांवर बंद झाला. त्याच वर्षी जैन इरिगेशन कर्जाच्या ओझ्याने अडचणीत आली. २०१८ च्या सुरुवातीला शंभरीपार असलेला तिचा शेअर मार्च २०२० मध्ये एक अंकी भावावर होता.

अमळनेरची गोष्ट उलटी. मोहम्मद प्रेमजी यांनी १९४५ मध्ये इथे वनस्पती तुपासाठी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. तीच आजची विप्रो. गावातल्या अनेक घरांत तिचे शेअर आले आणि पिढ्यान् पिढ्या राहिले. मधे बोनस शेअरही मिळत गेले; २०१७ आणि २०२४ मध्ये तर एकास एक. बोनसने शेअर दुप्पट होतात, पण भावही त्याच प्रमाणात उतरतो, हे अनेकजण विसरतात. खरी वाढ झाली ती कंपनीचा धंदा वाढल्यामुळे. २००० मध्ये आयटीचा फुगा फुटला तेव्हा विप्रोही आपटली. जुन्या धारकांना ते पचलं, ऐन तेजीत चढ्या भावाने घेणाऱ्यांना नाही.

एसआयपीचं काय?

समजा, धुळ्यातला एक नोकरदार दरमहा ५ हजार रुपये गुंतवतो. युनिटचा भाव ५० असताना त्याला १०० युनिट मिळतात, ६२.५० झाला की ८०. जुन्या युनिटची किंमत वाढते, नवे मात्र महाग पडतात.

आणि ॲपवर हिरव्या रंगात दिसणारा नफा विकेपर्यंत कागदावरच असतो. जुलै २०२४ मधील बदलांनुसार, शेअर वर्षभराच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के कर. त्यानंतर विकल्यास, आर्थिक वर्षातल्या सव्वा लाखावरच्या नफ्यावर १२.५ टक्के.