साडेपाच गुंठ्यांचा ठिपका

१४ नोव्हेंबर १९७१ रोजी 'मरिनर ९' मंगळाभोवती फिरू लागलं. दुसऱ्या ग्रहाला प्रदक्षिणा घालणारं ते पहिलंच यान. पण ते पोहोचलं तेव्हा अख्खा ग्रह धुळीच्या वादळात बुडाला होता. काही आठवडे नुसतं थांबावं लागलं. धूळ बसल्यावर मात्र प्रचंड ज्वालामुखी दिसले, आणि सुमारे चार हजार किलोमीटर लांबीची दरीही. तिला पुढे या यानाचंच नाव मिळालं.

परभणी जिल्ह्याचं चित्र वरून टिपणाऱ्या कॅमेऱ्याची अडचण हीच आहे, फक्त धुळीऐवजी ढगांची. शिवाय मंगळावर कुणाचं सोयाबीन वाळत नसतं.

हा कॅमेरा म्हणजे 'लिस-३'. इस्रोच्या 'रिसोर्ससॅट-२'वर तो बसवलेला आहे. २० एप्रिल २०११ला श्रीहरिकोट्याहून सुटलेला हा उपग्रह सुमारे ८१७ किलोमीटर उंचीवर फिरतो. कॅमेऱ्याला शटर नाही. सहा हजार संवेदक एका ओळीत मांडलेले असतात. उपग्रह पुढे सरकतो तशी जमीन ओळीओळीने टिपली जाते आणि १४१ किलोमीटर रुंदीचा पट्टा तयार होतो. त्याच जागेवर तो २४ दिवसांनी परत येतो, तेही सकाळी साडेदहाच्या सुमारास. वेळ ठरलेली असल्याने यंदाचं चित्र गेल्या वर्षीच्या चित्राशी ताडून पाहता येतं.

रंग मात्र डोळ्यांना दिसतात तसे नसतात. हिरवं, तजेलदार पान अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं, आणि पडद्यावर त्याला लाल रंग देण्याची रीत आहे. त्यामुळे भरात आलेलं पीक लालभडक, उघडी काळी रानं गडद निळसर आणि येलदरी धरणाचं पाणी जवळजवळ काळं. पीक सुकू लागलं की लाली उतरते.

आता ठिपक्याचा हिशेब. 'लिस-३'चा एक ठिपका साडेतेवीस मीटर लांब, तेवढाच रुंद; म्हणजे साडेपाच गुंठे. आपल्याकडे कपाशीत तुरीच्या ओळी, शेजारी सोयाबीन, बांधावर बाभळी. हे सगळं एका ठिपक्यात कालवलं जातं. याच उपग्रहावरच्या 'एविफ्स' कॅमेऱ्याच्या चकरा पाच दिवसांनी होतात, पण त्याचा ठिपका पाऊण एकराहून मोठा. 'लिस-४' बारीक पाहतो, गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. युरोपच्या 'सेंटिनल-२'चा ठिपका दहा मीटरचा, म्हणजे जवळपास बरोबर तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट, अर्थात एक गुंठा! तिकडच्या अभियंत्यांनी आपला गुंठा ऐकलाही नसेल, पण माप तलाठ्याला पटावं असं निघालं.

खरी गाठ पावसाळ्याशी आहे. सोयाबीन शंभरेक दिवसांत हातात येतं. तेवढ्यात 'लिस-३'च्या फेऱ्या होतात चारच, आणि फुलोरा नि शेंगा भरण्याचे दिवस नेमके ढगांखाली जातात. स्वच्छ चित्र मिळतं ते बहुधा काढणीच्या वेळी. यावर उपाय रडारचा. त्याच्या रेडिओ लहरी ढग भेदून जातात, रात्रीही काम करतात. संथ पाणी या लहरी दुसरीकडेच परावर्तित करतं, त्यामुळे चित्रात ते काळं दिसतं. गोदावरी पात्राबाहेर आली तर गंगाखेडकडची बुडालेली रानं ढगांखालूनही ओळखता येतात. १४ फेब्रुवारी २०२२ला गेलेला 'ईओएस-०४' असाच रडार उपग्रह. ३० जुलै २०२५ला गेलेल्या 'निसार' या रडार उपग्रहाची फेरी बारा दिवसांची आहे.

एवढं करूनही लाल म्हणजे कपाशी की तूर, हे चित्र आपण होऊन सांगत नाही. माहिती हैदराबादजवळच्या शादनगर केंद्रात उतरते. नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र राज्यासाठी अशा चित्रांवरून नकाशे करतं. पण कुणीतरी जीपीएस घेऊन चिखल तुडवत गेल्याशिवाय आणि कुठल्या रानात काय उभं आहे ते टिपल्याशिवाय त्या रंगांना पिकांची नावं मिळत नाहीत. माझ्या मते या साखळीतलं सर्वांत मोलाचं काम हेच, आणि कौतुक सर्वांत कमी त्याचंच होतं.

तेव्हा उपग्रहाचं चित्र पुढे करून तुमच्या शिवारात नुकसान नाही असं कुणी म्हणालं, तर दोन गोष्टी आधी विचारा: चित्र कोणत्या तारखेचं, आणि एक ठिपका किती गुंठ्यांचा?