गावोगाव फिरणारी गोधडी

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये, झाडीनं भरलेल्या एका खोलगट भागात, एड्सनं दगावलेल्यांच्या स्मरणार्थ राखलेली एक राई आहे. ही राई सांभाळणाऱ्या संस्थेकडे आणखी एक स्मारक आहे. ते मात्र एका जागी राहत नाही. ते कापडाचं आहे, वजन सुमारे 54 टन, आणि त्याचे भाग घड्या घालून शाळा-कॉलेजांत, चर्चमध्ये, संग्रहालयांत सतत जात असतात. ‘एड्स मेमोरियल क्विल्ट’ नावाची ही प्रचंड गोधडी म्हणजे, माझ्या मते, गेल्या शतकातलं सर्वांत माणुसकीचं स्मारक.

तिची सुरुवात एका भिंतीवर झाली. शहराचे लोकप्रतिनिधी हार्वी मिल्क आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांची 1978 साली हत्या झाली. त्यांच्या आठवणीत दरवर्षी मेणबत्त्यांचा मोर्चा निघे. 1985 च्या नोव्हेंबरमधल्या मोर्चात क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्यानं लोकांना एड्सनं गेलेल्या आपल्या माणसांची नावं फलकांवर लिहायला सांगितली. शिड्या लावून ते फलक सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवले गेले. एकाशेजारी एक लागलेल्या त्या कागदांत जोन्स यांना गोधडी दिसली. 1987 मध्ये त्यांनी पहिला तुकडा रंगवला, मार्विन फेल्डमन या मित्रासाठी.

तुकड्याचं माप ठरलं 3 फूट रुंद आणि 6 फूट लांब, म्हणजे साधारण एका कबरीएवढं. त्या काळी काही अंत्यसंस्कार करणारे एड्सच्या रुग्णाचं पार्थिव घ्यायलाही नकार देत. घरचे आजाराचं नाव दडवत. आयुष्यभर सोबत राहिलेल्या जोडीदाराला अंत्यविधीत उभं राहण्याचाही हक्क नसे. ज्यांना जमिनीत सन्मानानं जागा मिळाली नाही, त्यांना ती कापडावर मिळाली.

आपल्याकडे आजीच्या विरलेल्या लुगड्याची गोधडी शिवतात, ती तिचा स्पर्श टिकावा म्हणून. इथेही तेच घडलं. जीन्स, शर्ट, टेडी बेअर, प्रेमपत्रं, लग्नाच्या अंगठ्या तुकड्यांवर शिवलेल्या आहेत. काहींत तर रक्षाही आहे. कुठे आईचा सफाईदार हात दिसतो, कुठे आयुष्यात कधी सुई न धरलेल्या मित्राचा वेडावाकडा धावदोरा. सगळेच तुकडे मायेचे नाहीत. आपल्याला एड्स नाही असं मरेपर्यंत सांगत राहिलेले बडे वकील रॉय कोन यांच्या तुकड्यावर तीनच शब्द आहेत : गुंड, भित्रा, बळी. तिसरा शब्द लिहिणाऱ्याचं मन मला फार मोठं वाटतं.

11 ऑक्टोबर 1987 रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मैदानावर 1,920 तुकडे अंथरले गेले. पुढच्या वसंतात गोधडी 20 शहरांच्या दौऱ्यावर निघाली. प्रत्येक शहरातले लोक आपापले तुकडे घेऊन येत, आणि दौरा संपेपर्यंत तुकड्यांची संख्या 6,000 च्या पुढे गेली. आठ तुकडे जोडून 12 फुटांचा एक चौकोन होतो. पांढऱ्या कपड्यांतले स्वयंसेवक घडी केलेल्या चौकोनाभोवती उभे राहून एकेक पदर उलगडतात, पसरलेलं कापड सगळे मिळून उचलतात, वळवून जमिनीवर अलगद टेकवतात. तेवढा वेळ ध्वनिक्षेपकावरून फक्त नावं वाचली जातात. भाषण नाही. कोऱ्या कापडावर प्रेक्षकांनाही चार शब्द लिहिता येतात.

हा शोक नुसता रडून मोकळा होणारा नव्हता. राज्यकर्ते या साथीबद्दल क्वचितच तोंड उघडत, तेव्हा त्यांच्याच राजधानीत माणसं मोजून दाखवली गेली. 1996 च्या ऑक्टोबरमध्ये गोधडीनं अख्खा मॉल व्यापला आणि अख्खी गोधडी एकत्र अंथरण्याची ती शेवटची वेळ ठरली. त्याच सुमारास एकत्र घ्यायची प्रभावी औषधं हाती आली आणि अमेरिकेतले मृत्यू झपाट्यानं घटू लागले. पुढे 2022 मध्ये गोल्डन गेट पार्कमध्ये सुमारे 3,000 तुकडे मांडले गेले.

पहिल्या वर्षापासून हे कापड शिवत, दुरुस्त करत आलेल्या गर्ट मॅकमुलिन यांनी 2020 च्या कोरोनाकाळात उरलेल्या कापडातून मास्क शिवले. एका साथीतल्या मृतांसाठी आणलेलं कापड दुसऱ्या साथीत जिवंत माणसांच्या उपयोगी पडलं.

आज सुमारे 50,000 तुकड्यांवर 1,10,000 च्या आसपास नावं आहेत आणि नवे तुकडे अजून येतात. पण कृष्णवर्णीय अमेरिकनांना या आजाराची सर्वाधिक झळ बसली असूनही गोधडीत त्यांची नावं त्या मानानं फार कमी आहेत. ती उणीव भरून काढायला 2013 मध्ये ‘कॉल माय नेम’ हा उपक्रम सुरू झाला. त्यातल्या कार्यशाळांत घरची माणसं, शेजारी, चर्चमधल्या बायका एकत्र बसून तुकडे तयार करतात. शिवण यायलाच हवी अशी अट नाही. माप मात्र तेच, 3 बाय 6.