शेवाळ, हरिता आणि उमरग्याची परसबाग

मराठीत 'शेवाळ' हा शब्द इतक्या निरनिराळ्या वस्तूंना लावला जातो की, परसबागेत शेवाळ वाढवावयाचे म्हणजे नेमके काय वाढवावयाचे, हा प्रश्न प्रथम भाषेचा ठरतो व मागाहून बागकामाचा. विहिरीच्या पाण्यावरचा हिरवा तवंग, न्हाणीच्या फरशीवरचा बुळबुळीत थर आणि पावसाळ्यात आवारभिंतीवर उमटणारी मखमल, या तिन्हींना व्यवहारात एकच नाव आहे. त्यांपैकी पहिल्या दोन वस्तू बहुधा शैवले होत. तिसरी मात्र वेगळ्याच वनस्पतिविभागातील आहे. वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषेत त्या विभागास 'शेवाळी' आणि त्यातील मखमली गटास 'हरिता' असे म्हणतात. परिभाषेने भेद केला खरा. परंतु 'शैवल' आणि 'शेवाळी' ही दोन्ही नावे एकाच मुळापासून घेतल्यामुळे सामान्य वाचकाच्या मनातील गोंधळ निस्तरला असे म्हणवत नाही.

शब्दाचा उगम पाण्यात आहे. संस्कृत 'शैवल', 'शैवाल', 'शेवाल' ही रूपे जलवनस्पतीची वाचक असून अमरकोशाने त्यांना वारिवर्गात स्थान दिले आहे व 'जलनीली' हा पर्याय नोंदविला आहे. प्राकृत 'सेवाल'मधून मराठी 'शेवाळ' आले आणि पुढे पाणी सोडून भिंतीवर चढले. 'शेवाळणे' हे क्रियापद तर आज प्रामुख्याने भिंत, पायरी, दगड यांच्याच संबंधात वापरले जाते. उमरग्यापासून कर्नाटकाची सीमा दूर नाही. तेथील कन्नडात याच वस्तूस 'पाची' म्हणतात व त्या शब्दाचे नाते हिरवेपणा दर्शविणाऱ्या द्राविडी धातूशी आहे. एका भाषेने वस्तूचा रंग पाहिला, दुसरीने तिचे वसतिस्थान. (मराठी 'पाच', 'पाचू' यांच्याशी कन्नड शब्दाचे साम्य मोहक आहे, पण ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.) इंग्रजीचीही स्थिती फारशी बरी नाही. तेथे 'आयरिश मॉस' हे समुद्रशैवल आहे आणि 'स्पॅनिश मॉस' ही तर सपुष्प वनस्पती आहे.

हा शब्दविचार निरर्थक नाही. ज्या नावात पाणी मुरलेले आहे ते उच्चारताच दुष्काळी मुलखातील मनुष्य असे गृहीत धरतो की, ही वनस्पती आपल्याकडे जगावयाची नाही, आणि जगवावयाची तर तिला सारखे पाणी घालावे लागेल. धाराशिव जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान हजार मिलिमीटरच्या बरेच आत आहे. शेजारच्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. अशा भागात शोभेच्या हिरवळीसाठी पाणी खर्च करणे हा केवळ अभिरुचीचा प्रश्न राहत नाही. हरितेविषयीचे उपरोक्त गृहीत खरे असते, तर उमरग्यात तिचा नाद सोडून देणेच योग्य ठरले असते.

वस्तुतः ते खरे नाही. हरितेला खरी मुळे नसतात. जे मुळांसारखे दिसतात ते मूलाभ असून त्यांचे मुख्य काम धरून ठेवण्याचे आहे. तिची पाने बहुतांशी एकाच पेशीच्या जाडीची असतात आणि पाणी व क्षार ती अंगावरूनच शोषून घेते. त्यामुळे भोवतालची हवा कोरडी झाली की तीही कोरडी होते. मात्र अनेक जाती या कोरडेपणाने मरत नाहीत. जीवनव्यापार थांबवून त्या पडून राहतात आणि पाण्याचा स्पर्श होताच काही मिनिटांत पाने उलगडून हिरव्या दिसू लागतात. शास्त्रीय नावे या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. जुन्या भिंतींवर व चुन्याच्या दर्जांत भारतभर आढळणाऱ्या 'हायोफिला इन्व्होल्यूटा' या जातीच्या नावातील दुसरे पद सुकताना पाने आत वळतात हे सांगते. 'फ्युनारिया हायग्रोमेट्रिका' या नावात हवेतील ओलाव्यानुसार पीळ घेणारा तिचा देठ सुचविला आहे. जेथे मराठी नावाने पाण्यातील वास्तव्य पाहिले, तेथे या नावांनी पाण्याचे येणे आणि जाणे पाहिले.

म्हणून उमरग्यातील हरितेची बाग ही चातुर्मासाची बाग होय. ती बारमाही हिरवी ठेवण्याचा अट्टहास येथे अनाठायी आहे. क्योटो येथील साइहो-जी मंदिराच्या हरितोद्यानाचे उदाहरण नेहमी दिले जाते. पण क्योटोचा पाऊस सुमारे १५०० मिलिमीटर असून तो वर्षभर विभागलेला आहे. शिवाय चौदाव्या शतकात मुसो सोसेकी याने त्या बागेची पुनर्रचना केली तेव्हा हरिता तिच्या योजनेत नव्हती, बागेची आबाळ झाली त्या काळात ती आपोआप पसरली, असे मानले जाते. उमरग्याने त्या बागेकडून काही घ्यावयाचेच असेल, तर ती आबाळ घ्यावी.

लागवडीची रीत साधी आहे. मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर, आर्द्रा-पुनर्वसूच्या सुमारास, घराच्या उत्तरेकडील किंवा झाडाच्या सावलीतील जागा निवडावी. काळी माती त्यासाठी निरुपयोगी होय. ती उन्हाळ्यात भेगाळते व हरितेचा थर फाडून टाकते. तिच्यावर चाळलेला मुरूम आणि विटांचा चुरा यांचा बोटभर थर देऊन तो चोपून घट्ट करावा. शेणखत मुळीच घालू नये, कारण त्यावर तण व शैवले माजतात. आपल्याच आवारातील जी भिंत रंगकामापूर्वी खरवडली जाणार असेल, तिच्यावरील हरिता काढून, वाळवून, हाताने चुरडून त्या ओल्या थरावर पसरावी व तळव्याने दाबावी. प्रत्येक तुकड्यातून नवे रोप फुटू शकते. ताकात कालवून लावण्याची शिफारस पुष्कळदा केली जाते. तिची गरज नाही, उलट दमट उष्म्यात बुरशीस निमंत्रण मिळते. पावसाने उघडीप दिल्यास साठविलेले पावसाचे पाणी शिंपडावे. कूपनलिकेचे जड पाणी वापरल्यास त्यातील क्षार पानांवरच साचतात. मुळे नसलेल्या वनस्पतीस त्यांतून सुटका नसते.

पहिल्या काही आठवड्यांत जे दिसते त्याने पुष्कळांची फसगत होते. बीजुकापासून, आणि कित्येकदा तुकड्यापासूनही, प्रथम हिरव्या तंतूंचे एक बारीक जाळे निघते. ते थेट शैवलासारखे दिसते आणि हे तर शेवाळ म्हणून नेमके याच वेळी खरवडले जाते. येथे एका शब्दाची संदिग्धता प्रत्यक्ष रोपाच्या जिवावर उठते. थोडा धीर धरल्यास त्याच जाळ्यावर पानांचे सूक्ष्म झुबके उभे राहतात.

उपयोगाचे म्हणावे तर कुंडीतील मातीवर हरितेचा थर असल्यास पावसाच्या माराने माती उडत नाही. तथापि वरचा हिरवेपणा पाहून खालची माती ओली आहे असे समजू नये. बोट खुपसून पाहावे. गळक्या रांजणाखालची किंवा पाझरत्या माठाच्या तिवईखालची जागा या कामी विशेष चांगली. तेथे वाया जाणाऱ्या पाण्यावरच हरिता चैत्र-वैशाखातही तग धरते. उन्हाच्या जागी 'ब्रायम अर्जेन्टियम' ही रुपेरी जाती टिकते. पानांच्या टोकाकडील पेशींत हरितद्रव्य नसल्याने तिला तो रंग येतो. नव्या सिमेंटवर मात्र, ते अतिशय अल्कधर्मी असल्याने, काही पावसाळे लोटल्याखेरीज हरिता धरत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर या भागात दगडमातीच्या घरांची जागा मोठ्या प्रमाणावर सिमेंटच्या घरांनी घेतली, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

दोन ठिकाणे वर्ज्य मानावीत. उमरग्याच्या जुन्या महादेव मंदिरासारख्या कोरीव दगडावरची हरिता ओल धरून ठेवते. ती तेथे राहू द्यावी की काढावी, हा संरक्षणतज्ज्ञांचा विषय आहे. बागेसाठी ती खरवडून आणणे सर्वथा अनुचित. दुसरे ठिकाण म्हणजे सह्याद्रीचे कडे. बाजारात विकत मिळणारी हरिता पुष्कळदा डोंगरावरून ओरबाडून आणलेली असते. पाच हजार मिलिमीटरहून अधिक पावसात व धुक्यात वाढलेली महाबळेश्वरची जाती उमरग्याच्या वैशाखात वाचेल अशी आशा नको. आवारभिंतीवरची जाती अनेक उन्हाळे पाहून उरलेली असते.