कॅमेरा पावसात चालतो म्हणजे किती?

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयाची सहल आंबोलीला गेली होती. एका विद्यार्थ्याजवळ नवा कॅमेरा होता. वडिलांनी हप्त्यांवर घेऊन दिलेला. 'पावसापासून सुरक्षित' असे त्याच्या माहितीपुस्तिकेत छापलेले होते, त्यामुळे स्वारी निर्धास्त होती. दिवसभर धुक्यात आणि भुरभुर पावसात त्याने मनसोक्त छायाचित्रे काढली. कॅमेऱ्याला काही झाले नाही. परतताना मात्र कॅमेरा मांडीवर घेऊन तो मोटारीत वातानुकूलन यंत्राच्या थंड झोतासमोर बसला आणि थोड्याच वेळात भिंगावर धुके धरले. त्याने रुमालाने पुसले, पण ते जाईना. धुके काचेच्या आतल्या बाजूस होते! "सर, पाणी तर आत गेलेच नाही, मग हे आले कोठून?" त्याचा चेहरा अगदी उतरला होता.

प्रश्न मात्र उत्तम होता. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी अशा कॅमेऱ्यात पाणी अडते कसे, ते पाहू. कॅमेऱ्याला पुष्कळ फटी असतात: बटणांभोवती, विद्युत्‌घटाच्या झाकणापाशी, भिंग जोडतात त्या कड्यापाशी. या फटींत रबराच्या किंवा फोमच्या पट्ट्या बसवतात. प्रेशर कुकरच्या झाकणातील रबरी कडे आठवा, म्हणजे कल्पना येईल. पट्टी फट अगदी अरुंद करते आणि पाण्याचा पृष्ठताण थेंबाला त्या फटीतून सहजी शिरू देत नाही. भिंगालाही अशाच पट्ट्या हव्यात, नाहीतर कॅमेरा सुरक्षित आणि भिंग उघडे, अशी गत होते. काही महागड्या भिंगांत तर पुढे काचेचा फिल्टर लावल्यावरच संरक्षण पुरे होते, असे उत्पादकच सांगतात.

आता 'सुरक्षित' म्हणजे किती? यासाठी 'आय. पी.' नावाची आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे. तिच्यातील पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. पाण्याचा अंक ४ असेल तर कोणत्याही दिशेने उडालेले शिंतोडे चालतात. ७ असेल तर १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे. २०२२ साली आलेल्या 'ओएम-१' या कॅमेऱ्याची श्रेणी ५३ आहे. म्हणजे धूळ आत गेली तरी बिघाड होण्याइतकी जाणार नाही, आणि उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरका येणारा फवारा सोसेल. तोही योग्य भिंग जोडलेले असेल तर. आणि हा तर आकडा जाहीर करणारा कॅमेरा! बहुतेक कॅमेऱ्यांच्या बाबतीत आकडा दिलेलाच नसतो, नुसते विशेषण असते. याउलट, १९६३ साली आलेला 'निकोनॉस' कॅमेरा ५० मीटर खोल पाण्यात नेता येई, कारण तो मुळातच पाणबुड्यांसाठी घडवलेला होता.

या चाचण्यांतील एक अट मला फार बोलकी वाटते. पाणी आणि वस्तू यांच्या तापमानांत ५ अंशांहून अधिक फरक नसावा, असे मानक सांगते. का बरे? समजा, उन्हात ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या कॅमेऱ्यावर २५ अंशांची सर कोसळली. आतली हवा ३१८ केल्व्हिनवरून २९८ केल्व्हिनवर आली, तर तिचा दाब सुमारे ६ टक्क्यांनी घटेल. ही घट ६५ सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाच्या दाबाइतकी आहे! कॅमेरा पूर्ण हवाबंद नसल्यामुळे तो बाहेरची हवा ओढून घेतो, आणि फटीवर पाणी साचलेले असेल तर तेही. प्लॅस्टिकची बाटली गरम पाण्याने विसळून, लगेच बूच घट्ट लावून गार पाण्यात धरा. ती कशी चेपते ते वर्गात सर्वांना दाखवण्यासारखे आहे.

आता त्या धुक्याकडे वळू. पट्टी थेंब अडवते, पण बाष्प म्हणजे सुटे रेणू. पाण्याचा रेणू जेमतेम ०.३ नॅनोमीटरचा, जेथून हवा जाते तेथून तोही जातो. शिवाय त्या विद्यार्थ्याचे भिंग पुढेमागे सरकून लांब-आखूड होणारे होते. प्रत्येक वेळी ते सायकलच्या पंपासारखी हवा आत घेई आणि बाहेर टाकी. आंबोलीची हवा समजा २२ अंशांची आणि बाष्पाने संपृक्त होती. अशा १ घनमीटर हवेत १९.४ ग्रॅम बाष्प असते. थंड झोताने पुढची काच १५ अंशांवर आली, तर तिच्यालगतच्या हवेत १२.८ ग्रॅमच मावते. उरलेले काचेवर जमते. भिंगात १०० घनसेंटिमीटर हवा धरली तर सगळे मिळून हे पाणी फार तर पाऊण मिलिग्रॅम भरेल. पण सूक्ष्म थेंबांच्या रूपात काच आंधळी करायला तेवढे पुरते.

दमट हवेत याच्या उलटही घडते. गार खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की बाहेरून दव धरते. म्हणून निघण्यापूर्वी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावा आणि बाहेरच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडावी. ओल फार दिवस आत राहिली तर भिंगावर बुरशी चढते. ती काचेवरील लेप खाते आणि मग साफ करूनही डाग राहतो. कोकणातल्या जुन्या छायाचित्रकारांना हे सांगायला नको. समुद्रकाठी आणखी एक शत्रू असतो, खारा तुषार. चाचणी गोड्या पाण्याची असते. मीठ मात्र ओल धरून ठेवते आणि धातू गंजवते. तेव्हा घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने कॅमेरा पुसावा. हमीपत्रही बारकाईने वाचावे. पाण्याने झालेली हानी त्यातून बहुधा वगळलेली असते.

त्या विद्यार्थ्याचा कॅमेरा आम्ही सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला. निळे खडे गुलाबी झाले की पुड्या बदलायच्या, एवढेच काम. तिसऱ्या दिवशी भिंग स्वच्छ झाले.