उद्याच्या रुग्णांची मोजदाद

सुलतान बाजारात सणासुदीला पाय ठेवायला जागा नसते. या गर्दीतल्या कुणा हैदराबादकराला कर्करोग झाला, तर त्याचं वय, लिंग, पत्ता आणि बाधित अवयव शहराच्या कर्करोग नोंदवहीत उतरायला हवेत.

भाकिताचा कच्चा माल हाच. वयोगटानुसार आजाराचं प्रमाण काढायचं आणि ते येत्या वर्षांच्या लोकसंख्येला लावायचं. मुंबईत अशी नोंदवही १९६३मध्येच उघडली. अशा नोंदवह्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८२चा. त्याच्या २०२०च्या अहवालात त्या वर्षी १३.९ लाख, तर २०२५मध्ये १५.७ लाख नव्या रुग्णांचा अंदाज होता. या वाढीत वाढत्या आयुर्मानाचाही वाटा आहेच.

मृत्यूंचं गणित मात्र डळमळीत. दाखल्यावर नुसतं ‘हृदयक्रिया बंद पडली’ लिहिलं, की कर्करोग हिशेबातून निसटतो.